एकशे नव्वदचा साडू

भाईदासने गाडीचे टायर बदलले ही बातमी पितांबरला सकाळी पावणेआठला कळली आणि हातातला चहा कडू झाला.

भाईदास हा पितांबरचा साडू. पितांबरच्या बायकोच्या, म्हणजे कामिनीच्या धाकट्या बहिणीचा, पुनमचा नवरा. धुळ्याला त्याची शेतीच्या पंपांची एजन्सी होती. पितांबर जळगावला एका कॉलेजात हेडक्लार्क. भाऊबंदकीत निदान भांडता येतं, वाटणी मागता येते, अबोला धरता येतो. साडूसाडूंत तसली काही सोय नसते. भेटले की हसायचं, एकमेकांच्या ताटात जिलेबी वाढायची, आणि एकाने नवा पंखा घेतला की दुसऱ्याने घरी जाऊन उकडतंय म्हणायचं. पितांबरला गेली चौदा वर्षं असंच उकडत होतं.

'लग्न पियुषचं' या घरच्या ग्रुपवर भाईदासने चार टायरांचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, "रेटिंग टी. ताशी १९० पर्यंत बिनधास्त. नवरदेवासाठी कायपण!"

त्याखाली शिरपूरहून सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा आवाज आला होता. पितांबरने तो तीनदा ऐकला. तिन्ही वेळा नाना तेच म्हणाले, "बेस काम, जवाई! नवरदेव तुम्हना गाडीमा बठी."

इथे खरी मेख होती. पियुष नानांचा एकुलता एक मुलगा. दोन बहिणींच्या पाठीवर झालेला, लाडाचा. त्याचं लग्न बारा दिवसांवर आलं होतं आणि वऱ्हाड शिरपूरहून बोदवडला जायचं होतं. नवरदेवाची गाडी कुणाची, हा प्रश्न महिनाभर लोंबकळत होता. नाना फक्त एवढंच म्हणत, "ज्यानी गाडी भरोसानी, त्याना गाडीमा." आपण थोरले जावई, तेव्हा मान आपलाच, हे पितांबरने मनाशी धरून ठेवलं होतं. त्याने तर गाडीच्या बॉनेटवर कुठल्या रंगाची फुलं लावायची तेही ठरवलं होतं. आणि चार काळ्या रबरी चकत्यांनी त्याचा मान धुळ्याला नेला!

त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला. टायरच्या कडेला बारीक आकड्यांच्या शेवटी '88T' असं होतं.

"अठ्ठ्याऐंशी सालचे दिसतात," तो आशेने म्हणाला.

"पप्पा, तो वजनाचा आकडा आहे," त्याची मुलगी मेघा पोहे खाताखाता म्हणाली. ती इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि बापाची आशा मोडण्यात तरबेज होती. "एका टायरने किती वजन उचलायचं त्याचा कोड. आणि पुढचं अक्षर म्हणजे जास्तीत जास्त स्पीड. एस एकशे ऐंशी, टी एकशे नव्वद, यू दोनशे..."

"टीच्या वर काय काय आहे तेवढं सांग."

"यू आहे, पण ते फार दिसत नाही. मग एच, दोनशे दहा. मग व्ही, दोनशे चाळीस. पण पप्पा, तुम्ही साठच्या वर कधी गेलात?"

हा प्रश्न गैरलागू होता, म्हणून पितांबरने तो ऐकला नाही.

"अहो, आपल्या टायरांना काय झालंय?" कामिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

टायरांना काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते पितांबरला. गाडी महिन्यातून चार रविवार बाहेर निघायची, एरवी अंगणात उभी राहून तिच्यावर मांजर झोपायचं. पण जळणाऱ्या माणसाला टायरच्या खाचा दिसत नाहीत, त्याला साडूच दिसतो.

तासाभरात तो मगनच्या दुकानात होता. मगन टायरच्या कामात हुशार, हाताला सरळ आणि जिभेला जरा वाकडा. दहा वर्षं सुरतेला एका टायरच्या दुकानात राहून तो जळगावला परत आला होता. येताना तिकडची सगळी विद्या घेऊन आला, फक्त 'ह' हे अक्षर तिकडेच विसरून आला. हवेला तो 'अवा' म्हणे, हळूला 'अळू' आणि हनुमानाला 'अनुमान'. गिऱ्हाइकांना त्याची सवय झाली होती. पितांबरलाही होती. पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात टी, यू, एच, व्ही अशी अख्खी बाराखडी उलटी लटकत होती आणि मागे कॉम्प्रेसर धडधडत होता.

"मगन, नवरदेव बसवायचाय गाडीत. शिरपूर ते बोदवड. कोणते टायर चालतील ते नीट बघून सांग."

मगन उकिडवा बसला. चारही टायरांच्या खाचांतून त्याने बोट फिरवलं, एका टायरला कान लावल्यासारखं केलं, आणि उठून म्हणाला, "भाऊ, एच चालतील."

पितांबरच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपण अक्षर उच्चारलंसुद्धा नव्हतं! कारागीर असावा तर असा.

"नक्की एच?"

"एकदम एच. दुसरे कशाला? एच तुमाले अजून लय वर्सं जातील."

"मग काढ चारी आणि एच टाक. मागे हटू नकोस."

"टाकतो ना भाऊ. चारी काढतो, बॅलन्सिंग करतो, अलाइनमेंट करतो, एच बसवतो, वरून पॉलिश मारतो. संध्याकाळी घेऊन जा."

"पैसे?"

"लग्न उरकून या ओ, मग बगू. पळून जाऊन रायले का तुमी?"

संध्याकाळी पितांबर गेला तेव्हा मगन कुणाच्या तरी हळदीला गेला होता. चावी शेजारच्या चहावाल्याकडे होती. गाडी मात्र उभी होती, आणि टायर असे काळेभोर चमकत होते की त्यात पितांबरला आपला चेहरा दिसल्याचा भास झाला. तरी तो हेडक्लार्क होता. सही बघितल्याशिवाय कागद पुढे सरकवत नसे. तो गुडघ्यावर बसला आणि जन्मात पहिल्यांदाच आपल्या गाडीच्या टायरवर काय लिहिलंय ते वाचलं. आकडे, आकडे, आणि शेवटी ठसठशीत 'H'.

तो चारही टायरांशी बसला. चारही ठिकाणी 'H'. उठताना गुडघा कडकन वाजला, पण त्याला तो आवाजही गोड लागला.

घरी येताना गाडी लोण्यावरून चालल्यासारखी चालली. "फरक कळतो," तो कामिनीला म्हणाला. "रस्ता लागतच नाही."

"जुने टायर आणले का? एखादा हवा होता. आखाजीच्या सणाला झोका बांधता आला असता अंगणात."

"मगनने ठेवले असतील," तो म्हणाला, आणि ग्रुपवर लिहू लागला, "आमच्या गाडीचे टायर एच. ताशी २१०. गाजावाजा नको, म्हणून सांगितलं नव्हतं."

धुळ्याहून एक अंगठा आला. नुसता अंगठा. पितांबरला रात्री छान झोप लागली.

हळदीच्या आदल्या दिवशी सगळे शिरपूरला जमले. नानांच्या अंगणात दोन्ही गाड्या शेजारीशेजारी उभ्या राहिल्या आणि दोन्ही साडू हातात चहा घेऊन त्यांच्याभोवती फिरू लागले. भाईदास खाली वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

"भाऊ, एक विचारू? नव्या टायरला बारीक बारीक रबरी केस असतात. हे बघा, माझ्या टायरला आहेत. तुमच्या टायरला एकपण नाही."

पितांबरने वाकून पाहिलं, खरंच एकही केस नव्हता. पण चौदा वर्षांची साधना कामी आली.

"भारी टायरला नसतात," तो शांतपणे म्हणाला. "हलक्या मालाला केस फार."

भाईदासने आपल्या टायरवरचे दोन केस हळूच उपटले. मग त्याने दुसरी बाजू धरली. "पण भाऊ, ए बी सी डीत एच आधी येतो की टी? टी कितीतरी पुढे. म्हणजे टी मोठा."

पुनमने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "ए, बी, सी... एच आठवा. टी... विसावा. हे बरोबर बोलून राहिले."

खाटेवरून नाना म्हणाले, "एच का टी, माले काय करनं शे? मोठा कोनता, ते सांगा."

"मेघा!" पितांबर ओरडला. मेघा मेंदीचा कोन हातात धरूनच आली. तिने दुसऱ्या हाताने फोन उघडला आणि सगळ्यांना तक्ता दाखवला. एस, टी, यू, आणि त्याच्याखाली रांग मोडून मध्येच घुसलेला एच. मग व्ही.

"एच असा मध्येच का घुसला?" भाईदासचा आवाज रडवेला झाला होता.

"काका, ते पूर्वीपासून तसंच आहे. अक्षराचा क्रम इथे चालत नाही."

"हे काय, रांगेत उभं राहायचं सोडून..."

"मोठ्यांना रांग नसते, भाईदास," पितांबर म्हणाला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हे वाक्य त्याला इतकं आवडलं की त्याने ते जेवताना आणखी दोनदा म्हटलं.

नानांनी निकाल दिला. "मंग नवरदेव पितांबर जवाईना गाडीमा बठी."

त्या दिवशी पितांबरने चार पुरणपोळ्या खाल्ल्या आणि भाईदासने अर्धी. दुसऱ्या दिवशी हळद लागायच्या आत भाईदास गायब झाला. "एक पार्टी आलीय पंपाची," असं पुनमला सांगून तो धुळ्याला गेला. पितांबरला वाटलं, गेला बिचारा तोंड लपवायला. साडू किती खोल असतो याचा त्याला चौदा वर्षांतही अंदाज आला नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी भाईदास आला तो हॉर्न वाजवतच.

"व्ही!" गाडीतून उतरायच्या आधीच तो ओरडला. "दोनशे चाळीस! नाना, दोनशे चाळीस!"

सगळे अंगणात धावले. भाईदासच्या गाडीखालचे टायर खरोखर नवे होते, केसाळ होते आणि चांगलेच रुंद होते. त्याच्या मापात व्ही मिळाला नव्हता. दुकानदार नको म्हणत असताना त्याने एक माप मोठा टायर बसवून घेतला होता. गाडी एखाद्या बारक्या माणसाने मोठ्या भावाचे बूट घालावेत तशी दिसत होती.

पितांबरने नानांकडे पाहिलं. नाना भाईदासच्या टायरांकडे पाहत होते. चार पुरणपोळ्यांचा मान असा एका रात्रीत पळवावा? याला देव आहे की नाही?

"मोठा शे ना? मंग ह्याज गाडीमा," नाना म्हणाले.

बॉनेटवरची फुलं पितांबरच्या गाडीवरून काढून भाईदासच्या गाडीवर लावली गेली. पितांबरने आपल्या हाताने त्यातली एक माळ काढून दिली, आणि देताना तो हसलासुद्धा. नवरदेव मारुतीच्या पाया पडून आला. बाशिंग, फेटा, हातात कट्यार घेऊन पियुष मागच्या सीटवर बसला. चारही टायरांखाली लिंबू ठेवले, नारळ फुटला, पुनमने ओवाळलं. भाईदासने गाडी सुरू केली. लिंबू चिरडले. बायकांनी तांदूळ उधळले.

गल्लीच्या तोंडाशी गाडी डावीकडे वळली आणि 'खर्र्र' असा आवाज आला.

"हाई काय वाजी ऱ्हायनं?" नानांनी विचारलं.

"काही नाही नाना, नवीन आहेत. बसतील."

गाडी थोडी मागे आली, उजवीकडे वळली. 'खर्र्र्र!' या वेळी बँडवाल्याने दचकून क्लॅरिनेट तोंडातून काढलं. माणसांच्या वजनाने गाडी दबली होती आणि रुंद टायर आतल्या पत्र्याला घासत होता. सरळ रस्त्याला गाडी दोनशे चाळीसने गेली असतीही, पण शिरपूर ते बोदवड रस्ता सरळ नव्हता आणि नानांच्या गल्लीलाच तीन वळणं होती. तिसऱ्या वळणावर मडगार्डचं प्लॅस्टिक निखळून खाली पडलं आणि ते एका कुत्र्याने पळवलं.

"उतर रे पियुष," दारादारांत जमलेल्या लोकांकडे बघत नाना म्हणाले. "बठ्ठं गाव हासी."

बाशिंग सांभाळत, फेटा वाकवत, कट्यार अडकवत नवरदेव उतरला आणि पितांबरच्या गाडीत बसला. फुलं परत आली. घाईत कुणीतरी भाईदासच्या आरशावरची मोगऱ्याची माळसुद्धा काढून आणली. पितांबरने स्टिअरिंगला नमस्कार केला. त्याचे डोळे खरंच ओले झाले होते.

बोदवडपर्यंत तो पन्नासच्या वर गेला नाही. गाडीत नवरदेव होता. गावात शिरल्यावर वरात निघाली, पुढे बँड, त्यापुढे नाचणारी पोरं, आणि दीड तास गाडीचा काटा शून्यावरून हलला नाही. ताशी दोनशे दहाला त्या गर्दीतून एका म्हातारीने चालत मागे टाकलं. पण पितांबर तिथे बसून होता, ताठ मानेने, काच खाली करून, कोपर बाहेर ठेवून. मांडवाच्या दारात नवरीच्या वडिलांनी त्याला टॉवेल, टोपी आणि नारळ दिला. फोटोग्राफरने फोटो काढला. भाईदास मागच्या बसमधून उतरताना त्याने पाहिला आणि आपल्याला इतका आनंद का होतोय याची त्याला जरा लाजही वाटली. जराच.

चार दिवसांनी पितांबर लग्नातले बुंदीचे लाडू आणि चेकबुक घेऊन मगनकडे गेला.

"मगन, काय टायर दिलेस रे! इज्जत राखलीस. आता सांग किती झाले."

मगनने लाडू तोंडात टाकला आणि बोटांवर मोजून एक आकडा सांगितला. तो इतका लहान होता की पितांबरने चेकबुक खिशात ठेवून सुटे पैसे काढले.

"हे अलाइनमेंटचे ना? आणि टायरचे?"

"कोनते टायर?"

"अरे, एच! एच टायर!"

"ओ, एच." मगनने पुढच्या टायरवर मायेने थाप मारली. "एच तर तुमचेच आएत ना भाऊ. तीन वर्सांपूर्वी मीच टाकलेले. तुमी इचारलं कोनते चालतील, मी बोललो एच चालतील. तुमी बोलले काढून एच टाक, मी काढून एच टाकले. फक्त पुढचे मागं केले. चांगल्या टायरचे पैसे वाया घालवू काय मी तुमचे?"

पितांबरचा चेहरा बघत मगनने दुसरा लाडू उचलला.

"म्हणजे... हेच?"

"ओ. एच."

पितांबर त्या तीन वर्षं जुन्या टायरजवळ जमिनीवरच बसला. आधी त्याला मगनचा राग आला. मग 'भारी टायरला केस नसतात' हे आठवलं आणि कान गरम झाले. आणि मग त्याला जे हसू सुटलं ते आवरेना. तीन वर्षं अंगणात उभ्या गाडीला एच होता, त्याच्यावर मांजर झोपत होतं, आणि तो मात्र धुळ्याकडे बघून जळत होता.

तेवढ्यात फोन वाजला. भाईदास.

"भाऊ, रागावू नका, पण खरं सांगतो. तुम्हाला टोपी-टॉवेल मिळालं ना, तेव्हा मला जेवण गेलं नाही. माझ्या गाडीचे हे व्ही तर वळूच देत नाहीत. तुम्ही मोठे आहात, तुम्हीच सांगा, कोणते टाकू?"

पितांबरचं मन भरून आलं. चौदा वर्षांत पहिल्यांदा त्याला साडू भावासारखा वाटला. मोठेपणाचं काही सांगावं असं त्याला मनापासून वाटलं.

"भाईदास, तुझे आधीचे टायर कुठेत?"

"दुकानातच पडलेत. का?"

"नवे कोरे टायर, तुझ्या गाडीच्या मापाचे. कशाला धावतोस? तेच टाक."

मागे मगनने कॉम्प्रेसर सुरू केला.

"काय? ऐकू नाही आलं."

"तेच टाक म्हणतो! तेच!"

मग भाईदासचा आवाज आला, हलका, सावध. "टीएच? हे नवीन आलं का भाऊ? एचच्या वरचं आहे का?"

पितांबरने तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेच्या टोकावर आलं, तिथे चौदा वर्षं बसलेल्या कुणीतरी त्याला मागे ओढलं.

"नवीनच आहे," तो म्हणाला. "जळगावात नाही मिळत. धुळ्यात बघ."

आठवडा हसण्यात गेला. आणि मग एका सकाळी, पावणेआठला, ग्रुपवर फोटो आला. चार टायर, असे काळेभोर चमकणारे की अक्षर नीट वाचताच येत नव्हतं. खाली लिहिलं होतं, "रेटिंग टीएच. अख्ख्या धुळ्यात फक्त आपल्याकडे." त्याखाली नानांचा आवाज होता, "बेस काम, जवाई!"

असलं काही रेटिंग नसतं हे जगात दुसऱ्या कुणाला नाही तरी पितांबरला पक्कं ठाऊक होतं. त्याने चहाचा घोट घेतला. कडू लागला. त्याने फोटो दोन बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

"मेघा," तो हळूच म्हणाला, "जरा बघ गं, टीएच म्हणजे किती?"